एर्केबायची नाडी

“शर्ट कापून काढ, गुलझिना! बटणं कसली सोडत बसलीस?” सोनुनबू ओरडली.

एर्केबाय दवाखान्यातल्या खाटेवर घामाने निथळत पडला होता. तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. सकाळपासून तो जर्दाळूच्या बागेत कीटकनाशक फवारत होता, तोंडाला फडकंसुद्धा न बांधता. बातकेन प्रांतातल्या त्या डोंगरगावात डॉक्टर नव्हता. होती ती परिचारिका सोनुनबूच.

तिने मनगट धरलं. नाडी एक ठोका देई आणि पुढचा द्यायला विसरून जाई.

“सोनुनबू अपा, काय होतंय यांना?” नवऱ्याचं अंग साबणाने धूत गुलझिनाने विचारलं.

“मेंदूकडून हृदयाकडे एक नस येते. तिच्या टोकातून एक रसायन पाझरतं, हृदयाला ‘सावकाश’ म्हणून सांगतं. एरवी ते लगेच विरतं. या विषामुळे ते साचून राहिलंय. अ‍ॅट्रोपिन त्याला अडवतं.”

बोलता बोलता तिने सुई टोचली. जरा वेळाने पुन्हा. शहरातला डॉक्टर फोनवर होता. “देत राहा. गाडी निघालीय, पण मध्ये घाट आहे.”

कपाटातल्या कुप्या संपल्या.

“डॉक्टर, जनावरांचं चालेल?”

“आत्ता चालेल. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा, मात्रा मी सांगतो.”

जनावरांचा डॉक्टर म्हणजे ममतजान. एकेकाळचा तिचा नवरा. मूल होत नाही म्हणून आईच्या शब्दाखातर त्याने तिला माहेरी धाडलं होतं. तेव्हापासून दोघं बोलली नव्हती. नंबर मात्र तिला पाठ होता.

“मी सोनुनबू.”

पलीकडे त्याने रेडिओ बंद केला.

“मेंढ्यांचं अ‍ॅट्रोपिन आण. असेल तेवढं. एर्केबाय जातोय हातचा.”

“निघालो.”

मोटारसायकल दारात थांबली. त्याने बाटली वाचली, डॉक्टरने मात्रा सांगितली, तिने सुई भरली. असं कितीदा तरी झालं. मग तिच्या बोटांखाली नाडी हळूहळू भरू लागली.

“पाणी द्या की कुणीतरी,” एर्केबाय पुटपुटला. “तोंडाची पार माती झालीय.”

“फडकं बांधा म्हणून कितीदा बोंबलले मी!” म्हणत गुलझिना त्याच्या पायांवर डोकं ठेवून रडली.

गाडी त्या दोघांना घेऊन गेली. “वाचेल,” गाडीतला डॉक्टर जाताना म्हणाला.

ममतजान दारात घुटमळला. “निघतो मी.”

“चहा घेऊन जा.”

“लोक बोलतील.”

“इतकी वर्षं काय गप्प होते?”

त्याने चिखलाचे बूट उंबऱ्याबाहेर काढले. सोनुनबूने पियाला पुसला आणि त्यात अर्धाच चहा ओतला, पुन्हा पुन्हा भरता यावा म्हणून, पाहुण्याला मानाने देतात तसा.