वीण कापलेली खुर्ची

मित्रांनो, खिडकीखाली उभी असलेली सागवानी खुर्ची ती मी. वयानं जुनी, बोलण्यात कच्ची. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, याची मला अजूनही खात्री नाही. पण मनात टोचणी घेऊन गप्प उभं राहणं फार जड जातं.

माझी चौकट एका सुतारानं केली, पण मला बसण्याजोगं केलं ते आजोबांनी. वेताच्या खुर्च्या विणणं हा त्यांचा धंदा. वेताच्या पट्ट्या भिजवून मऊ करायच्या, खुर्ची उंच टेबलावर ठेवायची आणि तिच्याभोवती फिरत उभ्यानंच विणायचं, ही त्यांची पद्धत. "बसून विणलं की हात आळसावतो," असं ते म्हणत. लोकांच्या खुर्च्या लोकांकडे गेल्या, मला मात्र त्यांनी घरी ठेवलं. पाहुणे माझ्यात बसत आणि म्हणत, "वा! उठावंसंच वाटत नाही." ते ऐकून मी फुलून जाई. आज तेच शब्द आठवले की कुठे तोंड लपवावं ते कळत नाही.

पुढे आजोबांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. इंजेक्शनं सुरू झाली. मधेच अंगाची लाही होई, मग घाम फुटे, मग थकवा. ते माझ्यात येऊन बसत. जरा हलले की आजी आतून ओरडे, "अहो, उठू नका! मी आले ना." पाणी ती आणी, चष्मा ती आणी, पायमोजेसुद्धा तीच चढवी. तिची माया आणि माझा आराम, या दोहोंनी मिळून त्यांना जागचं हलू दिलं नाही. आणि मला वाटे, केवढी ही माझी सेवा!

शेजारचा न्हावी दारातून डोकावे. "काय महाराज, सिंहासन सुटत नाही वाटतं?" आजोबा हसून वेळ मारून नेत. त्यांना लघवी वारंवार लागे. रस्त्यात लागली तर काय, या लाजेनं दवाखान्याखेरीज ते उंबरठाच ओलांडत नसत.

एका सकाळी ते उठायला गेले आणि पुन्हा माझ्यातच पडले. परत जोर केला, परत पडले. आजीनं दोन्ही हात धरून ओढलं तेव्हा कुठे उभे राहिले. दोघंही हसली. मग आजोबा म्हणाले, "चल, डॉक्टरीणबाईंना विचारून येऊ."

त्याच दिवशी दोघं दवाखान्यात जाऊन आली. दारातच आजीला रडू फुटलं. "डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ऐकलंत ना? त्या इंजेक्शनानं आजार दबतो, पण अंगातली ताकद जाते, हाडं ठिसूळ होतात. झेपेल तेवढं रोज चालायला हवं. आणि मी मेली तुम्हाला बसवून ठेवत होते!"

"तू एकटीच कशाला? ही बयाही होती की सामील," म्हणत आजोबांनी माझ्या हातावर थाप मारली. ते थट्टेत बोलले. मला ती थट्टा वाटली नाही.

मग त्यांनी कपाटातून आपली सुरी काढली आणि माझी बैठक कापायला घेतली.

"अहो, चांगली वीण कापताय!"

"चांगली आहे म्हणूनच."

मित्रांनो, मला दुखलं नाही. सुटल्यासारखं वाटलं.

आता ते माझी पाठ धरून टाचा उचलत, गुडघे वाकवत. डॉक्टरीणबाईंनी दाखवलं तेवढंच, दमले की थांबत. न्हाव्याच्या कानावर अडचण गेली तेव्हा तो हळूच म्हणाला, "दुकानामागे संडास आहे, महाराज. तिथवर या, पुढचं पुढे बघू." आजोबा तिथवर जाऊ लागले. मग त्याच्याही पुढे.

बरं वाटे त्या दिवशी मला टेबलावर चढवून, माझ्याभोवती फिरत, ते नवी वीण घालत. काही दिवस मात्र एकही पट्टी ओवली जात नसे. उपचार अजून चालूच आहेत.

माझ्यासारखीनं उपदेश करावा का, कोण जाणे. तरी सांगते. घरात कुणी आजारी असलं तर त्याच्यावर भरपूर माया करा, पण त्याला माझ्या ताब्यात देऊन जाऊ नका. त्याला हात द्या, आणि दाराबाहेर चार पावलं त्याच्यासोबत जा.

काल माझी वीण पूर्ण झाली. मला टेबलावरून उतरवलं तेव्हा मी धास्तावले, आता पुन्हा तेच होणार. पण आजोबांनी आजीचा हात धरला आणि तिला माझ्यात बसवलं.

"अहो, हे काय?"

"बस जरा. उठू नकोस," आजोबा म्हणाले, "पाणी मी आणतो."