आहेरात आलेली साडी

वडवणीच्या स्टँडसमोर भगवानरावांचं घर. घराला रस्त्याकडून एक खोली होती, तिथं पूर्वी खताची पोती ठेवलेली असत. त्यांच्या सुनेनं, मनिषानं, ती रिकामी करून चुना दिला, कपडे टांगायला दांड्या बसवल्या आणि दारावर पाटी ठोकली : 'मनिषा कलेक्शन. वापरलेले निवडक कपडे.'

त्यातला 'वापरलेले' हा शब्द सासूबाईंना, रुक्मिणीबाईंना, येता-जाता टोचायचा. तीस एकर रान, दोन वेळची सरपंचकी, आणि दारात लोकांचे उतरलेले कपडे? उतरलेलं बोहारणीला द्यायचं, नाहीतर ऊसतोडीला निघालेल्या बायांना. ते पैसे मोजून कोण घेईल?

पण घेत होते. कॉलेजच्या पोरी एसटीतून उतरून घरी जायच्या आधी तिथं शिरत. त्या त्याला थ्रिफ्ट म्हणत. पुण्या-संभाजीनगरच्या बायकांनी एकदा-दोनदा अंगाला लावलेल्या साड्या, कुर्ते, जीनची जॅकेटं मनिषा आणायची, उसवलेलं शिवायची, धुऊन इस्त्री करायची. शहरातल्या बायकांना फोटोत एकदा दिसलेला कपडा पुन्हा घालता येत नाही, असं तिनं सासूला समजावलं होतं. रुक्मिणीबाईंना तो काहीतरी आजार वाटला.

येत्या रविवारी सुग्रीवरावांच्या मुलीचं लग्न होतं. सुग्रीवराव म्हणजे तालुक्यातलं मोठं प्रस्थ. मांडवात सगळी भावकी, सगळे पुढारी. तिथं कुणी जुन्या कपड्यांच्या दुकानाचं विचारलं तर तोंड कुठं लपवायचं? लग्नाआधी दुकान बंद झालं पाहिजे, असा रुक्मिणीबाईंनी निकाल दिला. भगवानरावांनी पेपरची घडी मोडली आणि पुन्हा घातली. परळीला नोकरीवर असलेल्या मुलानं, प्रविणनं, फोनवर आईला सांगितलं की तुझं बरोबर आहे, आणि लगेच बायकोला फोन करून तिलाही तेच सांगितलं.

त्याच दुपारी लग्नातल्या आहेरासाठी साडी काढायला रुक्मिणीबाईंनी लोखंडी पेटी उघडली. आहेरात आलेल्या साड्या या पेटीत जात आणि पुढच्या लग्नाला इथूनच निघत. वरची हिरवी साडी त्यांनी उचलली. टाचणीसुद्धा जागची हललेली नव्हती.

"बघ," त्या सुनेला म्हणाल्या, "नवं असं असतं."

मनिषानं साडी हातात घेतली तर घडीतून एक चिठ्ठी पडली, आहेर करणाऱ्याच्या नावाची. पाठोपाठ दुसरी पडली. आतल्या पुठ्ठ्यावर तर पेननं नावंच नावं होती, एक खोडून त्याखाली दुसरं. मनिषानं मोजली, सात भरली. सगळ्यात वरचं, सगळ्यात जुनं नाव रुक्मिणीबाईंच्याच अक्षरात होतं. भावकीतल्या शहादेवच्या लेकीच्या लग्नात त्यांनीच दिलेली साडी गावोगावचे मांडव पाहून घरी परत आली होती.

मनिषा हसली नाही. चिठ्ठ्या एकावर एक ठेवत तिनं विचारलं, "आत्या, ही कितव्या हातची म्हणायची?"

"हाताचं काय घेऊन बसलीस? अंगाला लागली का कुणाच्या? न्हाई ना? मग नवीच हाय."

रुक्मिणीबाईंना हे अगदी मनापासून पटलेलं होतं. म्हणून शर्तही त्यांनीच घातली. पेटीतल्या कोऱ्या साड्या दुकानात एका दांडीवर, मनिषाच्या वापरलेल्या साड्या दुसऱ्या दांडीवर. भाव सारखाच. शनिवारपर्यंत कोऱ्या जास्त खपल्या तर दुकान बंद. नाही खपल्या तर रुक्मिणीबाई हा विषय पुन्हा काढणार नाहीत.

त्या स्वतः खुर्ची टाकून बसल्या. बाया यायच्या, कोऱ्या साडीचा काठ दोन बोटांत धरायच्या आणि पलीकडच्या दांडीकडे वळायच्या. बाजाराच्या दिवशी भावकीतल्या मुक्ताबाई आल्या. हिरव्या साडीपाशी थबकल्या.

"जाऊबाई, ही माझ्याच घरून गेलती की. इथवर कशी आली?"

"आली फिरत. घे की मग परत."

"नको बाई. आहेराची साडी कोण नेसतं? एकदा पाण्यातून काढली की जाळी होती तिची."

एवढं बोलून त्यांनी कुणा अनोळखी बाईनं नेसलेली निळी इरकल उचलली. ती कुणाची, हे विचारलंसुद्धा नाही.

शनिवारी संध्याकाळी कोऱ्या साड्यांची दांडी होती तशी भरलेली होती. दुसरीवर एकच जांभळी रेशमी साडी उरली होती. रुक्मिणीबाई शब्दाच्या पक्क्या. दुकान राहिलं.

आहेराचं मात्र अडलं. हिरवी नेली तर मांडवातल्या निम्म्या बाया तिला ओळखतील, ही नवीच धास्ती त्यांच्या मनात बसली होती. शेवटी त्यांनी ती जांभळी मागितली. मनिषानं घडी घालून टाचणी लावली, रुक्मिणीबाईंनी वर आपल्या नावाची चिठ्ठी ठेवली. लग्नात दुकानाचं कुणी विचारलं नाही. म्हणजे विचारलं एकीनंच, सुग्रीवरावांच्या थोरल्या सुनेनं. मनिषाला बाजूला घेऊन तिनं जॅकेटं पुन्हा कधी येणार ते विचारून घेतलं.

दीड महिन्यानं भगवानरावांची एकसष्टी झाली. सुग्रीवराव सहकुटुंब आले. भगवानरावांना टोपी-टॉवेल आणि रुक्मिणीबाईंना साडी. पाहुणे गेल्यावर रुक्मिणीबाईंनी कागद सोडला. जांभळी. मनिषानं लावलेली टाचणी तशीच होती, आणि सुग्रीवरावांच्या चिठ्ठीखाली रुक्मिणीबाईंची चिठ्ठीही तशीच होती. आहेराची म्हणून त्या घरात साडी कुणी उलगडून पाहिलीच नव्हती.

त्या तशाच पेटीपाशी गेल्या. झाकण उघडलं. साडी आत न ठेवताच पुन्हा लावून टाकलं. मग टाचणी काढली.

पुढच्या शुक्रवारी मुक्ताबाईंकडे हळदीकुंकू होतं. रुक्मिणीबाई जांभळी नेसून गेल्या. बाया भोवती जमल्या. कुणी काठ पाहिला, कुणी पदर गालाला लावून पाहिला.

"लई भारी हाय, जाऊबाई," मुक्ताबाई म्हणाल्या. "कुठून घेतली?"

रुक्मिणीबाई जन्मात खोटं बोलल्या नव्हत्या. "आहेरात आली," त्या म्हणाल्या.

मुक्ताबाईंनी हातातला पदर सोडून दिला. "सांगायचं नसंल तर नका सांगू. पण आहेरात असली साडी येती का कुठं?"