दीडशे व्होल्टांचं दूध

मुक्ताबाईचं दूध रांगेसमोर ओतून दिलं तेव्हा बलभीम मूग गिळून बसला, आणि घरी गेल्यावर त्याच गोष्टीनं त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पण चिडायचं कोणावर? चूक त्याच्याच हातची होती.

सत्याऐंशीचं साल. अणदूरकडच्या त्या गावात पाऊस पार रुसलेला, आणि सहकारी दूध संस्थेला मात्र कोरं करकरीत मशीन आलेलं. वाटीभर दूध घातलं की लाल आकड्यात फॅट दाखवायचं. टेस्टरनं, म्हणजे बलभीमनं, तो आकडा रांगेला ऐकू जाईल असा ओरडून सांगायचा, ही तिथली रीत.

मशीनच्या आत हिरवं कार्ड, कार्डावर प्रोसेसर नावाचा काळा किडा. त्याला दोन चाली, जलद आणि संथ. तांदळाएवढी टोपी या खुंटीवरून त्या खुंटीवर घातली की चाल बदलायची. संध्याकाळी लाईट आली की गावातल्या उरल्यासुरल्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या, आणि दोनशे तीसचे दीडशे व्होल्ट. आयटीआय झालेल्या बलभीमनं आठ दिवस डिमर लावून, व्होल्ट उतरवत उतरवत एकाच दुधाचे आकडे वहीत मांडले. संथ चालीत मशीन एकशे चाळीसपर्यंत खरं बोलायचं. जलद चालीत दोनशेच्या खाली गेलं की बरळायचं, कधी खरा आकडा तर कधी निम्मा. त्यानं टोपी संथावर बसवली आणि वर बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका देऊन ती पक्की केली.

"आरं, रांग वेशीपर्यंत जातीया! पळीव की मशीन!" चेअरमन अण्णाराव खेकसले. बलभीमनं वही पुढं केली. "घाल ती चुलीत. चेअरमन म्या हाय का तू?" झालं! नोकरी जाईल म्हणून या शहाण्यानं नखानं ठिपका खरवडला आणि टोपी जलदवर घातली.

चौथ्याच दिवशी सांजच्याला मुक्ताबाईची पाळी आली. बौद्धवाड्यातली एकटी बाई, एकच म्हैस. नळदुर्गच्या रस्त्यावर ट्रकांतून सांडलेलं उसाचं वाढं वेचून तिनं ती जगवलेली. आकडा आला तीन पूर्णांक आठ. पाचाच्या खाली म्हणजे पाणी घातलेलं, असा संस्थेचा नियम. असं दूध ओतून द्यायचं, आणि दुसऱ्यांदा तसंच झालं की नाव कायमचं कमी.

"तुमच्या वस्तीचं दूध! म्हणलंच व्हतं म्या," अण्णाराव सगळ्यांदेखत बोलले.

"प्यायला घागरभर पाणी मिळंना चेअरमन, दुधात घालाया कुठनं आणू?" मुक्ताबाई कडाडली. "सकाळी ह्याच म्हशीचं सात लागलं. सांजच्याला म्हस बदलती व्हय?"

कॅन उपडा झाला. कुत्री धावली. आकडा बलभीमनंच ओरडून सांगितला होता.

दुसऱ्या सांजेला मुक्ताबाई पुन्हा रांगेत. आज आकडा घसरला की तिचं नाव कटलं, आणि दुधाबिगर म्हैस जगवायची कशी? मीटरचा काटा दीडशेवर. अण्णाराव खुर्चीत, बाजूला त्यांच्या घरचा कॅन. तो कधी कोणी तपासत नसे. बलभीमची तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं त्याच कॅनमधून वाटी भरली आणि मशीनमध्ये ओतली.

"चेअरमनसायेब, तीन पूर्णांक सहा!"

रांगेतल्या माना खुर्चीकडं वळल्या.

"मशीन बिघडलंय! खोटं बोलतंय!" अण्णाराव ताडकन उठले.

"मग काल माझ्या येळंला कसं खरं बोललं?" मुक्ताबाईनं विचारलं.

बलभीमनं झाकण उघडून टोपी संथावर घातली, पुन्हा तेच दूध तपासलं. सहा पूर्णांक नऊ.

"चाल म्या बदलली व्हती," तो रांगेकडं तोंड करून म्हणाला. "ह्यांच्या सांगण्यावरनं. पर हात माझा व्हता."

"उद्यापासनं येऊ नगंस!" अण्णारावांनी कॅन उचलायची खूण गड्याला केली आणि ते चालू लागले.

मुक्ताबाई बलभीमकडं बघत होती. "तुला ठावं व्हतं?"

"व्हय, मावशी."

"आन माझं दूध वतताना बसून ऱ्हायलास."

तिनं आपला कॅन टेबलावर आदळला.

"तपास. आन काल वराडला व्हतास तेवढ्याच मोठ्यानं वराड."

संथ मशीन घुटमळलं. रांगेतला एकही माणूस कुरकुरला नाही. मग लाल आकडा उमटला.

"मुक्ताबाई, सात पूर्णांक एक!"

अण्णाराव तोवर वेशीपाशी पोचले होते. मुक्ताबाईनं तिकडं बोट केलं.

"तितवर गेलं न्हाय. आजून एकदा."