चंद्राबद्दलची शंका

“तुला एवढं कळतं ना, मग ये, तूच शिकव,” असं म्हणून बाईंनी खडू पुढे केला आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसला.

सहावीचा वर्ग, मधल्या सुट्टीआधीचा तास. फळ्यावर सूर्य आणि त्याच्याभोवती आठ ग्रह. बाईंनी नुकतंच सांगितलं होतं, की अंतराळयानात माणसं तरंगतात, कारण तिथे गुरुत्वाकर्षण नसतं. मुलांनी ते वहीत उतरवूनही घेतलं. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली होती. वर्षभरात ‘हजर’ याखेरीज तिचा आवाज कोणी फारसा ऐकला नव्हता.

“बाई, चंद्र तर त्याहून लांब आहे. मग पृथ्वी त्याला कशी धरून ठेवते?”

“चंद्र मोठा आहे, म्हणून.”

“पण बाई, तिथे ओढच नसेल तर...”

आणि मग तो खडू. मुलगी खरंच फळ्यापाशी आली. बाईंनी सांगितलं की करायचं, एवढंच तिला ठाऊक. खडू हातात धरून नुसती उभी राहिली. मागून कोणीतरी म्हणालं, “शास्त्रज्ञबाई, ऐकू येत नाहीये.” तिनं खडू टेबलावर ठेवला आणि ती जागेवर जाऊन बसली. तेव्हा बाईही हसल्या होत्या.

शिक्षकांच्या खोलीत हा किस्सा त्यांनी गणिताच्या सरांना रंगवून सांगितला. सर पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“पोरगी बरोबर बोलली हो,” ते हळूच म्हणाले. “ओढ तिथेही असतेच, इथल्यापेक्षा थोडी कमी, इतकंच. ते यान सारखं पडतच असतं. पण पुढेही इतक्या वेगानं जातं, की जमिनीला लागत नाही. आतली माणसं त्याच्याबरोबरच पडत असतात, म्हणून तरंगल्यासारखी दिसतात. चंद्रही तसाच.”

बाईंचे कान तापले. “मी वनस्पतिशास्त्राची, सर. नीट वाचून यायला हवं होतं, पण...” पण घरी दात येणारं दहा महिन्यांचं बाळ होतं. ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

“होतं असं. मी तीन वर्षं एक रीत चुकीची शिकवत होतो.”

“मग काय केलंत?”

“काय करणार? गुपचूप पुढचा धडा घेतला.” सर हसले. “तुमची नोकरी अजून कायम व्हायचीये. मुख्याध्यापिकांच्या कानावर जाईल असं काही करू नका.”

संध्याकाळी नवराही तेच म्हणाला. “सोड ना. कोणाच्या लक्षात राहतंय?”

बाळ उंच खुर्चीतून चमचा खाली टाकत होतं. बाई उचलून देत होत्या. ते पुन्हा टाकत होतं आणि वाकून बघत होतं, या वेळीही पडतो का ते. उद्या आपल्या या लेकीच्याही हातात कोणी असा खडू दिला तर, असं बाईंच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी त्या वाक्य घोकून आल्या होत्या: काल मी चुकले. वर्गात पाऊल टाकल्यावर मात्र तोंडातून निघालं, “काल जे अर्धवट राहिलं, ते आज पूर्ण करू या.” मग फळ्यावर पृथ्वी काढली, यान काढलं, पडता पडता पुढे जाणं समजावलं. चाळीस मुलांनी माना डोलावल्या. कोणालाच काही खटकलं नाही. तिसऱ्या बाकाकडे बघायचं त्यांनी तेवढं टाळलं.

तास संपल्यावर वह्या तपासायला घेतल्या. त्या मुलीच्या वहीत कालच्या पानावर कागद खोडून खोडून विरला होता. खोडलेलं तरीही वाचता येत होतं: ‘ओढ तिथेही असणार. नाहीतर चंद्र निघून गेला असता.’ त्याच्यावरच ठसठशीत अक्षरात बाईंचं ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसतं’ हे वाक्य लिहिलं होतं. दोनदा.

बाईंनी तिला टेबलापाशी बोलावलं.

“काल तू विचारलंस ते बरोबर होतं. चुकले मी.”

मुलगी दाराकडे बघत होती. “मी काही नव्हतं विचारलं, बाई.”

“अगं, चंद्राचं.”

“परत नाही विचारणार.”

बाईंनी हातातल्या लाल पेनानं त्याच पानावर खाली लिहिलं: ‘वरचं वाक्य चुकीचं आहे. ते मी सांगितलं होतं. हिची शंका बरोबर होती.’ खाली पूर्ण सही, तारीख.

लाल अक्षरं बघून मुलीचा चेहरा उतरला. या शाळेत लाल शेरा म्हणजे तक्रार. तो घरी दाखवायचा, सही आणायची आणि ती वही थेट मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवायची.

“याच्यावर आईची सही आणायची का, बाई?”

नको म्हणणं किती सोपं होतं. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

“आण,” त्या म्हणाल्या. “पण आधी तू वाच.”

मुलगी तिथेच उभ्या उभ्या, ओठ हलवत वाचू लागली. बाईही खुर्चीवरून उठल्या आणि तिचं वाचून होईपर्यंत हात मागे घेऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या.