वानरं बरी की गांधीलमाश्या

बानूबाईच्या अंगणातला रायवळ आंबा अख्ख्या शिनोलीत आंबट म्हणून प्रसिद्ध होता. काळतोंडी वानरांची टोळी उतरायच्या आधी, कोय धरायच्या आत कैऱ्या काढायच्या आणि लोणचं घालायचं, ही घरची रीत. उरलंसुरलं वानरं ओरबाडायची, वर कौलं फोडून जायची.

यंदा फांदीला गांधीलमाश्यांनी पोळं केलं. वानरं एकदाच आली आणि किंचाळत पळाली. माश्या हटतील म्हणून महिना-दीड महिना वाट बघून बानूबाईचा लेक दादाभाऊ कैऱ्या काढायला चढला, तो तोंडाचा भोपळा करून उतरला.

"आदी वानरं, आता ह्या माश्या! आंबट आंब्यापायी किती सोसायचं? रविवारी सुनील वखारवाला झाड तोडाय येतोय," त्यानं आईला बजावलं.

मेंढरं मोडून बानूबाईचा नवरा म्हस्कू इथं स्थिरावला, तेव्हा पहिलं काय केलं असेल तर हे रोप लावलं. तो गेला, झाड राहिलं होतं.

"आरं, वानर धा चावतं नि एक खातं. माशी आंब्याला हात तरी लावती का?"

"आपल्याला तरी कुटं लावू देती?"



रविवारी सकाळी बानूबाई शेवटचं म्हणून झाडाखाली झाडायला गेली, तर पाचोळ्यात एक आंबा पडलेला. पिवळाधमक, देठाशी मऊ. झाडावरच पिकून गळलेला पाड! तिनं पदराला पुसून चोखला. साखर नुसती! इतकी वर्षं या झाडाला कुणी पिकूच दिलं नव्हतं. वानरांना शिव्या घालता घालता आपणच त्यांच्याहून उतावीळ निघालो, म्हणून तिला हसूही आलं आणि रडूही.

"चाख," तिनं उरलेला आंबा लेकापुढं धरला.

दादाभाऊनं कोय पांढरी होईस्तोवर चोखली.

"आई, आजून हाय का गं?"

तेवढ्यात सुनीलनं झाडाजवळ येऊन करवतीच्या मशीनची दोरी ओढली. दादाभाऊ तसाच धावला.

"बंद करा राव! माश्या उठत्याल!"

"म्हंजे? झाड तोडायचंय ना?"

"न्हाई तोडायचं. माश्या गेल्या तर वानरं येत्याल." सुजल्या तोंडानं हसत त्यानं सुनीलला ओट्यावर नेलं. "बसा हितं. पडंल आता एखादा."