बांधापलीकडची माती

मैनाबाईनं बाभळीखाली टोपली उलटी केली आणि माती हातानं पसरली. उजेड लागताच गांडुळं वळवळली. तिनं घाईघाईनं त्यांच्यावर पाला ओढला.

“अजून एक आनू का?”

“बस झाली,” तिचा नवरा चंद्रभान म्हणाला. “बाभळीपाशीच आनतो मी पाव्हन्याले. तू फक्त बोलू नको. तुले मधात बोलाची खोड हाये.”

“चोरी करून बोलते का कोनी?”

दर्यापुराकडचे नत्थुजी पोरगी देण्याआधी घर पाहत नसत, वावर पाहत. ढेकूळ फोडायचं, आत काय जिवंत आहे ते बघायचं, मग बोलणी. लोक हसत. पण त्यांची रुख्मिणी मैनाबाईनं जत्रेत पाहिली होती, आणि आपल्या मुलाला, जानरावाला तीच मिळावी म्हणून वर्षभर देवापुढं दिवा लावला होता.

चंद्रभानच्या वावरात चार वर्षं कापसावर कापूस होता. तिकडं अमेरिकेत लढाई चाललेली, इकडं भाव चढत चाललेले. ज्वारी बंद झाली, तूर बंद झाली. धनगर खतासाठी रानात मेंढ्या बसवायचे ते दाण्याच्या बदल्यात. दाणाच नाही म्हटल्यावर तेही यायचे थांबले. नांगरामागं किडे टिपणारे बगळे आता बांधापलीकडं, धाकट्या दिराच्या, शालिकरामाच्या वावरात उतरत. टोपली तिथूनच भरून आणली होती.

नत्थुजी आले. चाकांना चांदीच्या धावा मारलेली गाडी चंद्रभाननं मुद्दाम वाटेत उभी केली होती. म्हाताऱ्यानं चाकावरून बोट फिरवलं.

“बैलाले हलकी लागते का चांदी?”

चंद्रभान हसला, आणि त्यांना बाभळीपाशी घेऊन आला.

नत्थुजी उकिडवे बसले. पाला बाजूला सारून त्यांनी एक गांडूळ तळहातावर घेतलं.

“पाहा, पाव्हने. मुठीमुठीत जीव हाये,” चंद्रभान म्हणाला.

नत्थुजींनी खालचं ढेकूळ उपटून दगडावर फोडलं. विटेसारखं घट्ट, आत एक भोक नाही. गांडूळ त्यांनी त्यावर सोडलं. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत तोंड लावत गेलं, आणि तसंच परत फिरलं. नत्थुजींनी ते उचलून पुन्हा ओल्या मातीत झाकलं.

“माय,” ते मैनाबाईकडं पाहून म्हणाले, “कोठून आनले हे?”

चंद्रभान खाकरला. कालच्या कीर्तनात बुवांनी खऱ्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजाचं आख्यान लावलं होतं. मैनाबाईचा पदर ओला झाला होता. आता तिनं आपली नखं पाहिली. काळी होती.

“धाकट्या दिराच्या वावरातून.”

आता हा पाव्हना शिव्या देईल, देऊ दे, असं तिला वाटलं. ऊर हलका झाला होता. नत्थुजी गुडघ्यावर हात टेकून उठले.

“ज्वारी पेरते का तो?”

“पेरते. मेंढ्याबी बसवते.”

“त्याले लग्नाचा पोरगा हाये का?”

चंद्रभान पाठ फिरवून गाडीचं चाक पुसायला लागला. शालिकरामाचा देवीदास जानरावाहून सहा महिन्यांनी लहान. दोघांना तिनं एकाच पाळण्यात निजवलं होतं.

“हाये,” ती म्हणाली. मग रिकामी टोपली उचलून, “चाला. बांधावरून वाट हाये. मी दावते.”