पाचवीच्या आधीची हजेरी

पितांबर कारकुनाला बारा बायकांच्या बदल्यात एक नोकरी मिळणार होती. सौदा वाईट नव्हता. तीन वर्षं तो हंगामी होता, आणि हंगामी म्हणजे काय ते त्याच्या सासऱ्याला विचारावं. हिंमतराव ब्राह्मणपुरीचे पाटील, तापीकाठच्या काळ्या जमिनीचे धनी. 'जावईबापू, अजून शे ना कचेरी?' कचेरीतली नोकरी टिकून आहे ना, हा प्रश्न ते पंगत पुरती भरली की मगच विचारत.

लढाई सुरू झाली त्या हिवाळ्यात धुळ्याच्या डॉक्टरसाहेबांनी जिल्ह्याचा नकाशा टेबलावर पसरला आणि कंपासनं त्यावर गोल काढले. एका गोलात बारा गावं, एका गोलाला एक शिकलेली सुईण. नकाशावर सातपुडा सपाट असतो, त्यामुळे गोल सुरेख आले. तळोद्याला दीड महिन्याचा वर्ग भरवायचा, डोंगरातल्या बारा सुइणी शिकवायच्या, शेवटी साहेब स्वतः परीक्षा घेणार. त्या दिवशी बाराच्या बारा हजर असल्या तर पितांबर कायम. एक जरी कमी भरली तर वर्ग दुसऱ्या तालुक्याला, आणि पितांबर ब्राह्मणपुरीला, पंगतीत.

बारा जमवताना त्याचा जीव मेटाकुटीला आला. पहिल्या खेपेला हुकूम गेला 'सुईण पाठवा', आणि डोंगरात तो अर्धाच ऐकू गेला: सुई. देवी टोचणारे येणार म्हणून पाडेच्या पाडे पोरंबाळं घेऊन रानात जाऊन बसले. मग पितांबर स्वतः वर चढला आणि 'नाळ कापणारी, नाळ कापणारी' म्हणत दोन बोटांची कात्री करून दाखवत हिंडला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एका पाड्यावर दोघं म्हातारे पुढे येऊन डोकं वाकवून बसले. त्यांना वाटलं, न्हावी आला.

वर्ग पितांबरच्याच भाड्याच्या घराच्या ओसरीत भरे. शिकवायला नवापूरकडच्या रमिलाबाई नर्स, ख्रिस्ती, मोजकं बोलणाऱ्या. ओसरी आणि चूल यांच्यामध्ये कुडाची भिंत होती, आणि तिच्या आड पितांबरची बायको सुंदरबाई रोज तांदूळ निवडत बसे. एवढा तांदूळ त्या घरात शिजत नव्हता. पण पितांबरचं लक्ष हजेरीपटात असे, तांदळात नाही.

बाराजणींत सगळ्यात जाणती मोगराबाई, वरच्या अंगाच्या सात पाड्यांची सुईण. परीक्षा गुरुवारी, आणि आधीच्या रविवारी सकाळी तिच्या पाड्यावरचा रायसिंग ओसरीपुढे येऊन उभा राहिला. आदल्या दिवशी निघाला होता. त्याच्या बायकोचे, गंगीबाईचे, दिवस भरले होते. मोगराबाईनं कांबळं खांद्यावर टाकलं.

"कोठे चालनी?" पितांबर आडवा झाला.

"घर."

"गुरुवारे परीक्षा शे. साहेब येनार शे."

तिची घरची बोली पावरी. पितांबरशी ती बाजारातल्या मोडक्या अहिराणीत बोले. "बाई अडनी, ते साहेब येई का सोडाले?"

रमिलाबाई म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊ. शिकवतोय ते कशासाठी?"

पितांबरनं मनात हिशेब मांडला. सोमवारी पोचेल, मंगळवारी मोकळी होईल, बुधवारी परत. "कधी परत येशी?" त्यानं विचारलं. मोगराबाईनं जाता जाता पंजा वर केला. पितांबरला वाटलं, 'काळजी नको' म्हणतेय. त्यानंही तिला पंजा दाखवला आणि भाकरी खायला आत गेला.

"पंजा दखाडा?" सुंदरबाईनं वाढता वाढता हात थांबवला. "तो पाचवीना. पाचवी व्हवा बिगर सुईन बायतीनले सोडीसन येत नही."

"डोंगरमानं तुले काय माहीत?"

"डोंगर काय नि सपाटी काय, पाचवी सारखीच. त्या दिनले माले दारबाहेर बठाडतस. मोजीसन माहीत शे."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती, सुंदरबाईला मूल नव्हतं. पितांबर बोटांवर दिवस मोजू लागला. सोमवारी जरी बाळ जन्मलं तरी पाचवा दिवस शुक्रवार. साहेब गुरुवारी. भाकरी पानातच राहिली.

सोमवारी त्यानं ओसरीतल्या बायका मोजल्या. अकरा. मग दुसऱ्या टोकाकडून मोजल्या. मंगळवारी बाजारात मोळी विकायला आलेल्या एका बाईला त्यानं हळूच विचारलं, गुरुवारी आमच्या घरी येऊन नुसती बसशील का, दुसरं काही करायचं नाही. तिनं ते नवऱ्याला सांगितलं आणि नवऱ्यानं मोळीतलं सगळ्यात जाड लाकूड उपसलं. पितांबर माणूस तसा पळणारा नव्हता. त्या दिवशी पळाला. बुधवारी डोंगरातली कुणी पावरा बाई दिसली की त्याला वाटे मोगराबाई आली, आणि पांढरी टोपी दिसली की वाटे साहेब एक दिवस आधीच आले.

"मी बठस," सुंदरबाई म्हणाली.

"कोठे?"

"बारावी."

तो हसला. मग हसू गिळलं. "पाटीलनी पोर सुईनीसमा? ब्राह्मणपुरीले समजनं ते?"

"तुम्हनी नोकरी गयी, हाई बी ब्राह्मणपुरीले समजीच ना?"

रमिलाबाईंना सांगावंच लागलं. त्या हजेरीपटाकडे बघत म्हणाल्या, "मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. विचारलं नाही तर मी कधीच बोलत नाही." ही सवलत किती बारीक आहे हे कळल्यामुळे पितांबर साहेब आल्यापासून त्यांच्या आणि रमिलाबाईंच्या मध्ये उभा राहिला. एकदा पाणी द्यायच्या निमित्तानं, एकदा खुर्ची, एकदा काहीच नाही तर नुसताच.

साहेबांनी पुण्याच्या मराठीत प्रश्न विचारले. अकराजणी जमिनीकडे बघत राहिल्या. येत नव्हतं असं नाही. काय विचारतोय तेच त्यांना कळेना. साहेबांनी घड्याळ काढलं. पितांबरनं पुन्हा पाण्याचा पेला पुढे केला.

"ही कोण?" साहेबांनी टोकाच्या बाराव्या बाईकडे बोट केलं.

"मोगराबाई," पितांबर म्हणाला. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी निघाला.

"नाळ कापायच्या आधी काय करशील, मोगराबाई?"

पदराआडून उत्तर आलं, रमिलाबाईंच्याच मराठीत, "नखं काढायची. साबणानं हात, कोपरापर्यंत, दोनदा. कात्री पाण्यात घालून पाणी खदखदेपर्यंत."

"नाळेवर राख?"

"नाही. शेणबी नाही."

"आणि बाई अडली तर?"

"आपली हुशारी दाखवत बसायचं नाही. खाटेवर घालायचं आणि दवाखान्यात."

साहेब खुर्चीत सरळ बसले. दीड महिन्यात डोंगरातली बाई एवढं शिकते! त्यांनी खूश होऊन नकाशा मागवला. सगळ्यात मोठा गोल अजून रिकामा होता. "धडगाव," ते म्हणाले. "मोगराबाई धडगावला. आठ दिवसांत रुजू. महिन्यानं मी स्वतः तिथं दौऱ्यावर येतो, हिचं काम बघायला." त्याच टाकानं, त्याच शाईनं त्यांनी पितांबरच्या कायमच्या कागदावर सही केली.

शनिवारी संध्याकाळी खरी मोगराबाई परतली. गंगीबाईला मुलगी झाली होती, दोघी खुशाल. पितांबरनं तिला धडगाव सांगितलं, वर थोडं गोड करून सांगितलं.

"धडगावमा मन्हं कोन शे?" ती म्हणाली. "मन्हा सात पाडा कोन देखी? आनी साहेबनी तोंड तुन्ही बायकोनं देखेल शे. मन्हं नही."

पितांबर रात्रभर कागद उशाला घेऊन पडला. खरं सांगितलं तर सही जाते, नाही सांगितलं तर बायको. सकाळी उठला तेव्हा सुंदरबाई साहेबांनी दाखल्याबरोबर दिलेली कात्रीची पत्र्याची पेटी लुगड्यात बांधत होती.

"तुले जानंच शे?" त्यानं विचारलं.

"परीक्षा मी दिनी," ती म्हणाली, आणि गाठ घट्ट केली.

धुळ्याच्या अहवालात बारा गोल भरले. पितांबर कायम झाला; भाकरी स्वतः भाजतो, हात पोळला की सगळ्या योजनेची किंमत आपणच मोजली असं शेजाऱ्याला सांगतो. हिंमतरावांनी जावयाला पंगतीला बोलावणं बंद केलं, म्हणजे तोही खर्च वाचला. मोगराबाई सात पाडे फिरते, पण कागदावर ती धडगावला आहे. तिला पेटी नाही, दाखला नाही. जुना विळा आहे, तो ती आता उकळून घेते. आणि धडगावात एक बाई दारोदार जाते, तिला सगळे मोगराबाई म्हणतात. सुंदरबाई अशी हाक तिला तिथं कुणी मारत नाही, आणि ब्राह्मणपुरीत ते नाव कुणी घेत नाही. पैसा कुणाचाच गेला नाही. एकीचा दाखला गेला, एकीचं नाव.